आधी कळवल्याप्रमाणे

दुपारी जेवून सोफ्यावर पडलो होतो. छातीवर पालथं ठेवलेलं पुस्तक श्वासाबरोबर वरखाली होत होतं आणि मी वाचायचं सोडून त्याच्याकडेच बघत होतो. पुस्तकाखाली फोन होता, तो थरथरला. आधी वाटलं, हृदयच. मग चष्मा शोधला. वीज नियामक कार्यालयाचा निरोप होता, इंग्रजीत, फार सभ्य. तुमची सूचना मिळाली, आभारी आहोत. आज संध्याकाळी आमचे अधिकारी फोन करून तपशील पक्का करतील आणि त्यानंतर सूचना तुमच्या नावासह संकेतस्थळावर प्रसिद्ध होईल. मागे घ्यायची असल्यास फोनवर तसं सांगावं. मी तो निरोप पुन्हा वाचला. पुन्हा वाचल्यावर पुस्तकातला मजकूर कधीकधी निवळतो. हा निवळला नाही. 'नावासह' हा शब्द तिथेच होता. फ्रिज गुणगुणत होता, एसीचा वारा पायांवर येत होता, आणि मला एकदम वाटलं की या घरातल्या प्रत्येक भिंतीच्या आत वाहणारी वीज आता थांबून माझ्याकडे बघते आहे.

सूचना मी पाठवली होती हे घरात कुणाला माहीत नव्हतं. ती होती आमच्या वसाहतीला वीज पुरवणाऱ्या कंपनीबद्दल, आणि त्या कंपनीत माझा मुलगा सिद्धार्थ इंजिनियर आहे. इथे आखातात, खलिफा सिटीच्या पलीकडे वाळू सपाट करून उठवलेली ही वसाहत. तिच्या तारा, रोहित्रं, मीटर सगळं या एका लहानशा कंपनीकडे. सिद्धार्थची नोकरी तिथली, हे घर तिच्या पगारावरचं, आणि माझ्यासकट सगळ्यांचे व्हिसा त्याच्या नावाला टाचलेले. आमचं आडनाव या देशात फारसं कुणाचं नसावं. ते संकेतस्थळावर दिसलं की कंपनीतला शिपाईसुद्धा विचारेल. आणि इतकं सगळं ठाऊक असताना मी ते केलं. का केलं, याचं उत्तर मला सकाळी एक येतं आणि दुपारी दुसरं.

एक उत्तर असं की ती सवय होती. पुण्यात मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, आणि माझा मित्र विजयकुमार ग्राहकांच्या एका मंडळाचं काम करायचा. वीजदराची जाहीर नोटीस निघाली की तिच्या तळाशी ठरलेलं वाक्य असायचं, सूचना व हरकती मागवण्यात येत आहेत. आम्ही दोघं ते आमंत्रण समजायचो. लिहायचो मी, बोलायचा तो. सुनावणीत माझं नाव पुकारलं जायचं तेव्हा मी खुर्चीच्या दांड्याला धरून बसायचो आणि विजयकुमार उठून म्हणायचा, यांच्या वतीने मी. निनावी हरकत ग्राह्य धरत नसत, म्हणून खाली नाव, पत्ता, सही. इथल्या पेपरात महिन्यापूर्वी तशीच नोटीस दिसली. स्थानिक वीज कंपन्यांनी दर वर्षी आपली कामगिरी लोकांपुढे मांडावी, वीज किती वेळा खंडित झाली, किती वेळ, कशामुळे, असा नियम येऊ घातला आहे. मसुद्यावर मतं कळवावीत. तळाशी तेच वाक्य, फक्त परक्या भाषेत. माझा हात आपोआप कागदाकडे गेला. पुण्यात निदान पाकीट असायचं, पोस्टापर्यंतचा रस्ता असायचा, अर्ध्या वाटेवरून परत फिरता यायचं. इथे बोट टेकलं आणि गेलं. सूचना प्रसिद्ध होईल ही ओळ मसुद्यात असणारच. जन्मभर तळटीपा वाचलेल्या माणसाला ती दिसली नाही, किंवा दिसूनही त्यानं ती वाचली नाही.

दुसरं उत्तर मरियमबीचं. ती आमच्या शेजारच्या दारात राहते. मूळची श्रीवर्धनची, तिचं मराठी ऐकलं की दोन दारांमधली ती थंडगार मार्बलची जागा क्षणभर अंगणासारखी होते. मला भाऊ म्हणते. तिच्या नवऱ्याची फुप्फुसं निकामी होत आलेली, त्याच्या पलंगाशी ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घरघरत असायचं. भिंतीतून मला ते ऐकू यायचं आणि त्या आवाजाची मला, काय सांगू, सोबत वाटायची. ऑगस्टमधल्या त्या दुपारी मी असाच पडलो होतो. एसी बंद पडला, फ्रिज बंद पडला, आणि भिंतीपलीकडची घरघर थांबून तिथे एक सलग, बारीक, न संपणारी शिट्टी सुरू झाली. मग दारावर तळव्यांचे फटके. "भाऊ, मशीन बंद पडलंय, भाऊ, या हो." तिच्या घरातले पडदे उन्हासाठी कायम ओढलेले, आत अंधार. तिला सिलिंडरची किल्ली सापडेना. मी फोनचा दिवा लावून तिच्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर धरला. ओठ जांभळे, डोळे माझ्याकडे, मी काहीतरी करणार आहे अशा खात्रीनं. मी नुसता उजेड धरून उभा होतो. किल्ली सापडली तेव्हा सिलिंडर जवळजवळ रिकामा निघाला. बाहेर जनरेटरवर लिफ्ट चालू होती आणि जिन्यातले दिवे. घरांना काही नाही. ऊन भिंतींतून आत झिरपायला लागलं होतं. अ‍ॅम्ब्युलन्सची माणसं आली, त्याला घेऊन गेली. तो वाचला, पण अजून हॉस्पिटलातच आहे. आता भिंतीपलीकडून काहीच ऐकू येत नाही.

त्या दुपारी आलेला कंपनीचा निरोप मी कितीदा वाचला असेल. 'आधी कळवल्याप्रमाणे, देखभालीच्या कामासाठी आपला पुरवठा आज तात्पुरता बंद राहील.' आधी कळवल्याप्रमाणे. मरियमबीचा मुलगा रुहान शारजाहून आला, त्यानं हाच निरोप तिच्या फोनमध्ये पाहिला आणि तो तिच्यावर संतापला. कंपनीनं आधी कळवलं होतं, तू बघितलं नाहीस, सिलिंडर भरून ठेवला नाहीस. तिनं शपथ घेतली की आधी काही आलं नव्हतं. मग तिलाच वाटायला लागलं की आलं असेल, आपल्या हातून पुसलं गेलं असेल. पदर सावरत ती माझ्याकडे फोन घेऊन आली होती. बघा तरी भाऊ, पुसलेलं परत दिसतं का. मी बघितलं. आधीचं काही नव्हतं. माझ्याही फोनमध्ये नव्हतं. पण हे मी तिला जेवढ्या ठामपणे सांगायला हवं होतं तेवढं सांगितलं नाही, कारण माझ्या फोनवर माझाच विश्वास नाही. विजयकुमारला अवेळी फोन जाऊ नये म्हणून फोनचं घड्याळ मी भारतातल्या वेळेवर ठेवलंय. ते दीड तास पुढे असतं. निरोप कधी आला, लाइट कधी गेली, हे मी मनात मांडायला बसतो आणि ते दीड तास कधी मिळवायचे, कधी वजा करायचे, यातच गोंधळतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची साक्ष ती काय.

आणि सिद्धार्थ. त्या आठवड्यात एकदा जेवताना मी विचारलं होतं, ती लाइट गेली ती कशानं रे. तो वरणभात कालवत होता. म्हणाला, रोहित्र बसलं, ट्रान्सफॉर्मर. मग थांबून म्हणाला, पण तसं धरलं नाही. त्यानं समजावून सांगितलं, मला शिकवायला त्याला आवडतं: वीज अचानक गेली तर तो कंपनीच्या नावावर मोठा डाग, आधी कळवून बंद केली तर तो नियोजित खंड, त्याचं फारसं कुणी मनावर घेत नाही. आता हे आकडे लोकांपुढे येणार, म्हणून वरचे लोक फार जपतात. "आई नाही का म्हणायची, बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं? तसंच बाबा. आमच्याकडे लाइट जात नाही. वाढते." गिरिजा, माझी सून, हसली. नात शुभ्रानं विचारलं, "व्हॉट्स फनी?" आणि तिला कुणी सांगितलं नाही. मीही हसलो. शोभना, माझी बायको, होती तोवर तशी म्हणायचीच. दिवा विझव म्हटलेलं तिला चालायचं नाही, वाढव म्हण. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. माझे वडील गेले तेव्हा बायकांनी आईच्या हातातल्या बांगड्या काढल्या त्या 'वाढवूनच' काढल्या. तो शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि त्यात मला नेहमी माया वाटायची. जे मोडलं त्याला लागू नये म्हणून घातलेली फुंकर. त्या रात्री पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली. एखाद्यानं तो शब्द उचलून, पुसून, स्वच्छ करून कामाला लावला तर तो किती काय झाकू शकेल. जे मोडलं ते मोडलंच नाही. मग ज्याला लागलं, त्यानंच लावून घेतलं असणार.

हेच मी सूचनेत लिहिलं. शब्दकोश घेऊन लिहिलं. वीज ठरवून बंद केली होती की गेली होती हे कंपनीनं एकट्यानं ठरवू नये, ज्यांच्या घरात अंधार झाला त्यांना विचारावं; आणि उदाहरण म्हणून ती दुपार. मरियमबीचं नाव घातलं नाही. सिद्धार्थचा उल्लेख तर नाहीच. जणू तेवढ्यानं कुणी लपतं.

चार वाजून गेले असावेत. शुभ्रा शाळेतून आली, दप्तर टाकलं, "हाय आजोबा," म्हणून खोलीत गेली. तिच्या खोलीच्या दारावर तिनं पुढच्या वर्षीच्या सहलीचा कागद चिकटवलाय.  तो बघून डोळ्यांपुढे पुठ्ठ्याची खोकी आली, त्यांवर गिरिजाच्या अक्षरात 'किचन', 'शुभ्रा बुक्स'. पुण्यातला आमचा फ्लॅट भाड्यानं दिलेला. विमानतळावर मुलाच्या शेजारी उभा मी, आणि त्याचं माझ्याशी न बोलणं. सिद्धार्थ रागावत नाही. लहानपणी मी त्याचं काही पुस्तक परस्पर कॉलेजला देऊन टाकलं तेव्हाही रागावला नव्हता, नुसता त्या रिकाम्या जागेवर हात ठेवून उभा राहिला होता. तसा तो उभा राहील. बाल्कनीत गेलो. खाली सुरक्षेची पांढरी गाडी हळूहळू वळत होती, रोजच वळते. आज ती आमच्या इमारतीशी थांबली. आतून कुणी उतरलं नाही. विमान उतरताना काचा थरथरल्या. मी आत येऊन फोन हातात घेतला. मनात ठरवलं, नको म्हणायचं. मागे घेतो म्हणायचं. इंग्रजीत वाक्य जुळवलं, पुटपुटून पाहिलं. ते इतकं सहज जमलं की मला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ मोठी सुटका.

सिद्धार्थ त्या दिवशी लवकर आला. बूट काढताना माझ्याकडे न बघता म्हणाला, चहा घेतला का. मी दोघांना चहा केला. त्यानं कप धरला, पण प्यायला नाही. मग सांगायला लागला, ऑफिसातली गंमत सांगावी तशा स्वरात. नियामक कार्यालयानं आलेल्या सूचना कंपन्यांना पाठवल्यात, नावं झाकून. आमच्या वसाहतीतूनही एक आहे. मॅनेजरनं मीटिंगमध्ये ती मोठ्यानं वाचली. इंग्रजी असं की शंभर वर्षांपूर्वीचं. आय मोस्ट रिस्पेक्टफुली बेग टू स्टेट. सगळे हसत होते, तो म्हणाला. कुणीतरी म्हणालं, हबीबी, हा कोण, ब्रिटिशांचा कारकून?

"मीपण हसलो, बाबा," सिद्धार्थ म्हणाला.

चहाच्या कपावरून येणारी वाफ मला दिसत होती. त्यानं शाळेत असताना रजेचे अर्ज माझ्याकडून लिहून घेतले होते. प्रत्येक अर्ज त्याच शब्दांनी सुरू व्हायचा.

"नाव अजून कुणाला ठाऊक नाही," तो हळू म्हणाला. "फोन येईल. मागे घेतलं की खलास, नाव उघडतच नाहीत."

मी मान हलवली. खरं तर सांगायचं होतं की माझं ठरलंच आहे, वाक्यही तयार आहे. पण तोंडातून आलं ते वेगळंच. मी विचारलं, "आधी कळवलं होतं का रे?"

त्यानं कप खाली ठेवला. "ते आता वाढलं, बाबा," तो म्हणाला. आणि तो शब्द आपण काय म्हणून वापरला हे त्याचं त्यालाच ऐकू आल्यासारखं त्यानं कप दूर सारला. तेव्हा मला दिसलं की तोही घाबरलेला आहे. माझ्या आधीपासून. ऑगस्टपासून.

बेल वाजली. आम्ही दोघंही दचकलो. दारात मरियमबी होती, हातात झाकलेली ताटली. सांदणं केली होती. तिच्या चेहऱ्यावर मला आधी आनंदच दिसला. नवऱ्याला उद्या सोडताहेत, ती म्हणाली. मग सिद्धार्थकडे बघून पदर पुढे ओढला आणि पुढचं माझ्याशी बोलली, खालच्या आवाजात. त्याला इथे नाही आणणार. रुहान शारजाला नेतोय स्वतःकडे, तिथे नर्स ठेवलीय. आणि तिला गावी जायला सांगितलंय. तिकीट काढलंय.

"तो म्हणतो, अम्मी, तुझ्या भरवशावर अब्बांना ठेवता येणार नाही. खरंच आहे ना ते, भाऊ. मेसेज येतो नि माझ्या हातून पुसला जातो." ती हसली, स्वतःच्या वेंधळेपणाला हसतात तशी. "इतकी वर्षं त्यांचा श्वास ऐकत झोपले. आता समुद्र ऐकेन. इन्शाल्ला बरे होतील. ताटली राहू द्या, घाई नाही."

ती गेली. सिद्धार्थ दाराकडे बघत उभा होता. सांदणांना हळदीच्या पानाचा वास येत होता. हे पान तिनं कुठून मिळवलं असेल, असं काहीतरी मी विचार करत होतो, दुसरं काही विचारात यायला नको म्हणून. तेवढ्यात फोन वाजला.

मला कमी ऐकू येतं, म्हणून माझा फोन आपोआप मोठ्यानं बोलतो. एका तरुण बाईचा आवाज खोलीभर झाला. तिनं माझं पूर्ण नाव उच्चारलं, जपून, एकेक अक्षर, जसं ते मोडण्याजोगं आहे. सूचना आपणच पाठवली का? हो, म्हणालो. ती कायम ठेवायची आहे का? माझं वाक्य तयार होतं. मी तोंड उघडलं आणि ते वाक्य सापडेना. तिनं थोडी वाट पाहिली, मग तिला वाटलं असावं की प्रश्न कळला नाही. ती सोपं करून विचारायला लागली. कंपनीच्या नोंदीप्रमाणे त्या दिवशीचं काम नियोजित होतं. आपण म्हणता, निरोप पुरवठा गेल्यानंतर आला. सर, नंतरच आला हे आपण कशावरून म्हणता? आपल्या फोनवर वेळ किती दिसते?

वेळ. ते दीड तास माझ्या डोक्यात पुढेमागे व्हायला लागले.  सुनावणीतल्या खुर्चीचा दांडा मला तळहातात जाणवला आणि मी विजयकुमार कुठे आहे म्हणून बाजूला पाहिलं. बाजूला सिद्धार्थ होता. आणि तेव्हा तळहातालाच आठवलं. वेळ नव्हे. थरथर. मी फोनचा दिवा त्या माणसाच्या चेहऱ्यावर धरला होता, जांभळे ओठ, माझ्यावर खिळलेले डोळे, आणि फोन माझ्या हातात थरथरला होता. उजेड त्याच्या गालावर हलला होता. त्याची पापणी लवली होती. तो निरोप होता. उजेड धरलेला असताना आला, म्हणजे अंधार आधीच झालेला होता. याला घड्याळ लागत नाही.

इंग्रजी सगळं विझून गेलं होतं. मी मराठीत बोललो. "लाइट आधीच गेली होती. मी फोनचा उजेड धरून उभा होतो त्यांच्या तोंडावर. श्वास घेता येत नव्हता त्यांना. तेव्हा हातात मेसेज आला. लाइट गेली होती, बाई. कुणी कळवलं नव्हतं."

'गेली' हा शब्द दिवेलागणीच्या वेळी घरात उच्चारला की शोभना देव्हाऱ्याकडे बघायची. बाहेर दिवेलागणच होत होती.

"सॉरी सर?" ती बाई म्हणाली. "आय डिड नॉट अंडरस्टँड."

मी पुन्हा तेच म्हणालो, पुन्हा मराठीत. दुसरं काही येतच नव्हतं. पलीकडे कागद हलल्याचा आवाज आला. ती आता, ठीक आहे सर, आम्ही नंतर बोलू, असं म्हणून ठेवणार हे मला कळलं, आणि मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. मी माझ्याकडून बोललो होतो, आणि कुणाला काही समजलं नव्हतं.

"ही इज सेइंग, द पॉवर हॅड ऑलरेडी फेल्ड."

आवाज माझ्या मागून आला. सिद्धार्थ फोनकडे बघत नव्हता, मरियमबीच्या ताटलीकडे बघत होता. आवाज ऑफिसातला, सपाट. "द मेसेज केम आफ्टर. देअर वॉज नो अर्लियर नोटिस. नन वॉज सेंट." शेवटचं वाक्य माझं नव्हतं. आमच्यापर्यंत आलं नव्हतं एवढंच मी सांगू शकत होतो, पाठवलंच नव्हतं हे नाही. ते मला ठाऊक असणंच शक्य नव्हतं. ते फक्त त्याला ठाऊक होतं.

फ्रिज गुणगुणत होता. आतल्या खोलीत शुभ्रा कुणाशी तरी हसत बोलत होती.

"थँक यू," फोनमधली बाई सावकाश म्हणाली. ती लिहीत असावी. "अँड मे आय नो हू इज स्पीकिंग?"

मी फोनवर तळहात ठेवला. विचार करून नव्हे. वाऱ्यात समईच्या ज्योतीला आडोसा करायला हात जातो तसा तो गेला, पाचही बोटं जुळवून, घट्ट. सिद्धार्थ पुढे आला. त्यानं खाली वाकून माझी बोटं एकेक करून बाजूला केली.